देवापुढची शपथ आणि पुराव्याचा कायदा

गेल्या श्रावणात एका देवस्थानच्या अग्रशाळेत आमचा दोन दिवस मुक्काम होता. शेजारच्या खोलीत एक मुलगी वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करीत बसलेली असे. घरी सणावारामुळे पाहुण्यांची वर्दळ, म्हणून आजोबांनी तिला देवळाच्या शांत आवारात आणून ठेविले होते. तिच्यापुढे नेहमी दोन पुस्तके उघडी असत. एक १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि दुसरे २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम. मध्ये एक वही. वहीच्या डाव्या अंगास जुन्या कलमाचा आकडा, उजव्या अंगास नव्याचा. फौजदारी प्रक्रियेचीही तशीच जोडी होती. १९७३ ची संहिता आणि तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले, परंतु त्या दिवशी जी कामे न्यायालयांत चालू होती ती जुन्याच कायद्याने चालावयाची आहेत. तेव्हा ह्या पिढीच्या वकिलाला दोन्ही आकडे पाठ असल्यावाचून गत्यंतर नाही.

कायद्याची पदवी घेतल्यानंतर ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. ती २०११ पासून होत आली आहे. शंभर प्रश्न, त्यांत फौजदारी प्रक्रियेचे दहा आणि पुराव्याचे आठ. कायद्याचे मूळ पुस्तक, म्हणजे टीपा व भाष्य नसलेले, जवळ ठेवण्याची मुभा असते. ह्यावरून कोणास परीक्षा सोपी वाटेल. पण कोणते कलम कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे पुस्तक असून नसल्यासारखेच.

एके दिवशी सायंकाळी दीपाराधना आटोपल्यावर आजोबा तिच्या खोलीपाशी आले आणि वही चाळू लागले. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे वाचून ते चमकले. "अगं, तो स्वतःच्या तोंडाने कबूल झाला, तरी कोर्टाने ते ऐकायचे नाही? मग खरे-खोटे कळायचे कसे? आमच्या लहानपणी देवळाच्या पायरीवर उभे केले की माणूस आपोआप खरे बोलायचा."

"आजोबा," मुलगी हसून म्हणाली, "पायरीवर खोटे बोललेला माणूस तसे सांगायला तुमच्याकडे परत आला होता का कधी?"

आजोबाही हसले, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. आमच्या मते आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची कुळे कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी बांधलेली आहेत. देवापुढे उच्चारलेला शब्द खोटा असणार नाही, ही श्रद्धा आपल्या अंगात मुरलेली आहे. मग न्यायालयाने ती कधी व कां सोडली? आणि जे तिच्या जागी आणले, ते परके आहे काय? ह्या प्रश्नांचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. व्यवहार, म्हणजे न्यायदान, ह्या विषयात आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ह्यांचा मान मोठा. विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य ह्याच्या कारकीर्दीत कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे होता. बेळगाव-हैदराबादकडील वाचकांच्या शेजारचाच म्हणावयाचा. याज्ञवल्क्याने तीन प्रमाणे सांगितली आहेत: लेख, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. ह्या तिहींपैकी एकही नसेल तेव्हाच दिव्य करावे. हा 'तेव्हाच' शब्द महत्त्वाचा आहे. पहिली तीन प्रमाणे ती मानुष आणि दिव्य ते दैविक. एका पक्षाने मानुष प्रमाण पुढे केले व दुसऱ्याने दैविक, तर मानुष घ्यावे, असे कात्यायनाचे मत निबंधकारांनी शिरोधार्य मानिले. आजोबांना वाटते तसे आमचे शास्त्र ऊठसूट देवाला साक्षीला बोलावीत नव्हते. माणसांचे सगळे उपाय थकल्यावर ते देवाच्या दारी जाई.

साक्षीविषयी तर स्मृतिकारांचे निरीक्षण थक्क करणारे आहे. खोटा माणूस एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम फुटतो, तोंडाचा रंग उतरतो, शब्द अडखळतात. ही सारी लक्षणे याज्ञवल्क्याने नोंदवून ठेविली आहेत. १९७३ च्या संहितेच्या २८० व्या कलमात, साक्षीदाराची जबानी घेताना त्याच्या वागण्याविषयी न्यायाधीशास काही नोंदवण्याजोगे वाटल्यास त्याने ते लिहून ठेवावे, असे होते. कलम कोरडे आहे, स्मृतीतील वर्णन जिवंत. पण हेतू तोच.

तथापि जेथे शास्त्र आणि आजचा कायदा ह्यांच्या वाटा फुटतात ती जागाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. साक्षी सामान्यतः किमान तीन असावेत आणि ते वर्णजातीला अनुरूप असावेत, असा दंडक होता. असाक्षी कोण, म्हणजे कोणाची साक्ष घेऊ नये, ह्याची लांबलचक यादी याज्ञवल्क्याने दिली आहे: बालक, वृद्ध, जुगारी, मद्यपी, वेडा, नट, शत्रू, मित्र, चोर; आणि ह्याच पंक्तीत स्त्री. चोरी, साहस आदी गंभीर प्रकरणांत सर्वांचीच साक्ष चालेल असा अपवाद त्याने लगेच केला आहे, हे खरे. पण अग्रशाळेत बसून साक्षीचे कलम पाठ करणारी ती मुलगी एखाद्या देण्याघेण्याच्या वादात स्वतः साक्षीदार म्हणूनही उभी राहू शकली नसती, हेही तितकेच खरे. १८७२ च्या कायद्याने दोन वाक्यांत हा प्रश्न मिटविला. विचारलेला प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देऊ शकेल तो प्रत्येक माणूस साक्षीदार. आणि कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही.

आता दिव्याकडे वळू. याज्ञवल्क्याने पाच दिव्ये सांगितली: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. इतरांनी तांदूळ, तापविलेला सुवर्णमाष, फाळ इत्यादींची भर घातली. ह्यांत आम्हां देवळाच्या माणसांना जवळचे वाटावे असे कोशदिव्य होय. उग्र देवतेच्या स्नानाचे तीर्थ तीन ओंजळी प्यावयाचे. चौदा दिवसांत राजाकडून वा दैवाकडून घोर आपत्ती आली नाही तर माणूस शुद्ध. मराठेशाहीत रवादिव्य रूढ होते. कढत तेलातुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने उचलावयाचा, मग हात पिशवीत घालून वर मोहर करावयाची, आणि तिसऱ्या दिवशी पंचांसमक्ष मोहर फोडून हाताला फोड आला की नाही ते पाहावयाचे. नदीच्या संगमावर किंवा जागृत देवस्थानी, गोताच्या देखत हा विधी होई.

पण मराठेशाहीचा न्याय म्हणजे दिव्य, अशी समजूत करून घेतल्यास तो त्या काळावर अन्याय होईल. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादींकडून प्रथम राजीनामा घेत, म्हणजे निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. मग जामीनकतबा, मग दोघांच्या तकरिरा, कागदपत्र, गावच्या वडीलधाऱ्यांची साक्ष, आणि शेवटी गोतसभेचा महजर. जिंकलेल्यास जयपत्र, हरलेल्याकडून यजितखत. इतकी लेखी शिस्त पाळणारे लोक हात पोळवून घेण्यावर सहजासहजी येत नसत. तरीही येत, आणि जेव्हा येत तेव्हा निर्दोष माणसाचा हात तेल ओळखीत नसे, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. देव सर्वसाक्षी आहे एवढ्यावरून तो आपल्या सोयीने, तीन दिवसांच्या मुदतीत, तंट्याचा निकाल देईल, ही अपेक्षा भक्तीची नव्हे.

इंग्रजी अमलात दिव्ये गेली, पण शपथ राहिली. प्रारंभीच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदाराच्या हातावर गंगाजल देत आणि मुसलमानास कुराणाची शपथ घालीत. पुष्कळ सोवळ्या माणसांना हे रुचत नसे. खरे बोलणारा मनुष्यही गंगाजल हाती घेऊन बोलण्यास कचरे, आणि निर्ढावलेला बेधडक घेई. १८४० च्या पाचव्या कायद्याने ही पद्धत बंद करून त्या जागी ईश्वरास स्मरून प्रतिज्ञा करण्याची रीत घातली. पुढे १८७३ च्या शपथांच्या कायद्याने एक मागचे दार मात्र उघडे ठेविले. एका पक्षकाराने न्यायालयात सांगावे की, प्रतिपक्षाने अमुक प्रकारची शपथ घेतली तर तो जे बोलेल ते मला मान्य; शपथेचा प्रकार न्यायाला व सभ्यतेला सोडून नसावा आणि तिसऱ्याचे अहित चिंतणारा नसावा. समोरच्याने ती घेतली की त्याचे म्हणणे ज्याने आव्हान दिले त्याच्यापुरते निर्णायक ठरे. शपथ न्यायालयाबाहेर घ्यावयाची असल्यास न्यायाधीश त्यासाठी माणूस नेमून पाठवू शके. ह्याचा अर्थ असा की, विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही दिवाणी दाव्याचा निकाल कायदेशीरपणे देवाच्या उंबरठ्यावर लागू शकत होता! आजोबांच्या आठवणीतली पायरी सर्वस्वी काल्पनिक नसावी, ती ह्यामुळेच. विधी आयोगाने आपल्या अठ्ठाविसाव्या अहवालात ह्या कायद्याचा विचार केला आणि १९६९ च्या नव्या कायद्यात ती निर्णायक शपथ वगळली गेली. आपल्या समाजात बंधनकारक मानलेल्या रीतीने शपथ घेण्याची इच्छा असेल तर साक्षीदारास आजही तशी परवानगी मिळू शकते. पण त्यानंतर तो जे बोलेल त्याची उलटतपासणी व्हावयाची ती होतेच.

देवाच्या जागी कायद्याने कोणाला बसविले, ह्याचे उत्तर १८७२ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्या विधी सदस्याने हा कायदा रचला. त्याच्या आधी, १८६८ साली, एकोणचाळीस कलमांचा एक मसुदा झाला होता, तो येथील परिस्थितीस अपुरा म्हणून बाजूस पडला. स्टीफनच्या कायद्यात १६७ कलमे होती आणि तो १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. कोणती गोष्ट शाबीत करता येईल, ती कशाने करावयाची, आणि कोणी कशा रीतीने करावयाची, असे त्याचे तीन भाग. आणि 'शाबीत' म्हणजे काय? समोरच्या गोष्टींचा विचार करून एखादा शहाणा माणूस त्या प्रसंगी जी गोष्ट खरी धरून चालेल, ती शाबीत. मोजमाप शहाण्या माणसाचे. परीक्षार्थी ही व्याख्या घोकतात व पुढे जातात. आम्हांस मात्र सगळ्या कायद्याचा कणा तीच वाटते. कात्यायनाने मानुष प्रमाणाला अग्रस्थान दिले, स्टीफनने दुसरे स्थानच ठेविले नाही.

आता आजोबांचा मूळ प्रश्न. स्वतःच्या तोंडची कबुली कां ऐकू नये? ह्याचे उत्तर तत्त्वज्ञानात नाही, कोठडीत आहे. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी व गुन्ह्यांच्या तपासात लोकांचा छळ होतो, अशा तक्रारी झाल्यावरून नेमलेल्या आयोगाने १८५५ साली अहवाल दिला आणि छळ खरोखरच होत होता हे दाखवून दिले. १८६१ साली देशाची पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाली, तिच्यात १४८, १४९ व १५० अशी तीन कलमे आली: पोलिसापुढील कबुली चालणार नाही, पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटच्या समक्ष दिलेली नसल्यास चालणार नाही, मात्र तिच्यामुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली तर तेवढा भाग चालेल. हीच कलमे १८७२ च्या कायद्यात २५, २६, २७ झाली. छळाची संधी नव्हे, छळाचा लाभ काढून घ्यावयाचा, ही त्यामागची युक्ती. जी कबुली न्यायालयात चालतच नाही, ती उकळण्यासाठी कोणी कशाला मारील?

व्यवहारात मात्र तिसऱ्या कलमातून फट राहिली. 'मी तुला ज्या सुरीने भोसकले ती छपरात लपविली आहे' असे आरोपी म्हणाला आणि छपरात सुरी सापडली, तर ह्या वाक्यातले किती चालेल? पुलुकुरी कोटय्या ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ह्याचे उत्तर दिले. निर्णयसंग्रहांत तो १९४७ चा म्हणून ओळखला जातो. सुरी कोठे आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढेच उघडकीस आले; तिने त्याने भोसकले हे छपराने सांगितले नाही. सबब तेवढे शब्द गाळावयाचे. परीक्षेला बसणाऱ्याने दुसरे काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये. कारण उद्या एखाद्या माणसाची मुक्तता वा फाशी ह्या गाळलेल्या चार शब्दांवर अवलंबून राहील.

गोमंतकातील वाचकांना हा मुद्दा दूरच्या मद्रासवरून समजून घेण्याची गरज नाही. १५६० साली येथे स्थापन झालेले इन्क्विझिशन, मधली चार वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालले. त्याच्या अत्याचारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे फक्त त्याच्या पुराव्याच्या रीतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. गाब्रिएल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७३ साली दमणला पकडला गेला, तेथून गोव्याच्या कोठड्यांत आला, आणि सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. आरोप काय हे आरोपीला न सांगता 'आठवून कबूल हो' असे बजावीत. कोणी तक्रार केली, साक्ष कोणी दिली, त्यांची नावे लपवून ठेवीत. शत्रू कोण हेच ठाऊक नाही, तर त्याला खोटे कसे पाडावयाचे? आजच्या संहितेप्रमाणे साक्ष सामान्यतः आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष घ्यावी लागते आणि प्रत्येक साक्षीदारास उलट प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क असतो. ह्या दोन हक्कांची किंमत गोव्याच्या भूमीइतकी दुसऱ्या कोणत्या भूमीने मोजली असेल?

पुढील पोर्तुगीज कायदे अर्थात त्या काळोखातले नव्हते. १८८६ ची दंडसंहिता आणि १९२९ ची फौजदारी प्रक्रिया संहिता ही युरोपीय धर्तीची होती; तपासाची सूत्रे न्यायाधीशाच्या हाती आणि लेखी जबान्यांवर भर. १९ डिसेंबर १९६१ नंतर १९६२ व १९६३ च्या नियमनांनी भारतीय कायदे येथे आले, आणि केस पिकलेल्या वकिलांना पोर्तुगीज बाजूला ठेवून इंग्रजीत कलम पंचवीस, सव्वीस, सत्तावीस नव्याने शिकावे लागले. संस्थानी मुलखावर हीच पाळी दहा वर्षे आधी आली होती. ग्वाल्हेर, इंदूर व हैदराबाद ह्या भागांस पुराव्याचा कायदा १९५१ साली लागू करण्यात आला. कुटुंब व वारसा ह्यांपुरता पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात अजून चालतो. गुन्ह्याच्या बाबतीत मात्र पणजी, बेळगाव आणि इंदूर ह्यांची वही आज एकच आहे.

कायदा पाठ असणे आणि तो वापरता येणे ह्यांतले अंतरही तरुण वाचकांनी जाणून असावे. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईत राहून हिंदी कायदा वाचू लागले. दिवाणी प्रक्रियेचे पुस्तक त्यांना कंटाळवाणे वाटे, पुराव्याचा कायदा मात्र गोडी लावी. फिरोजशहा मेथांना हा कायदा मुखोद्गत असून त्याच्या बत्तिसाव्या कलमावरचे सारे निवाडे ठाऊक आहेत, असे त्यांच्या कानी पडे. मृताने मरणापूर्वी केलेले निवेदन ज्या कलमात येते, तेच हे. असे असूनही लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात वादीच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्यास ते उभे राहिले, आणि डोके गरगरून एकही प्रश्न सुचला नाही. घेतलेले तीस रुपये परत करून ते खाली बसले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे.

आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही ज्यांना उभेच राहू दिले नाही, त्यांचे काय? कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्री. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा त्यांनी पार केली. सनद मिळाली नाही. कारण त्या स्त्री होत्या. स्त्रियांना वकिलीस मज्जाव नसावा असा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. साक्षीदारांच्या पिंजऱ्याचे दार स्त्रीला १८७२ मध्ये निःशंक उघडे झाले, वकिलाच्या खुर्चीपर्यंत येण्यास आणखी एक्कावन्न वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आजोबा देवस्थानच्या कचेरीत बसले होते. महाजनांचे जुने कागद ठेवलेली लाकडी पेटी उघडी होती आणि वाळवी लागली की काय ते पाहणे चालले होते. नात दारात उभी राहून त्यांना समजावीत होती की, तीस वर्षांपूर्वीचा कागद योग्य माणसाच्या ताब्यातून पुढे आला तर त्यावरची सही व अक्षर खरे आहे असे न्यायालय धरून चालू शकते. सही करणारा हयात नसला तरी अडत नाही.

"कुठल्या कलमात?" आजोबांनी मान वर न करता विचारले.

"जुने नव्वद, नवे ब्याण्णव," ती म्हणाली. "पण कागद ज्याच्या ताब्यात असायला हवा त्याच्याच ताब्यातून यायला हवा. ही पेटी घरी नेऊ नका, इथेच राहू द्या."

आजोबांनी कागद परत पेटीत ठेविले आणि कुलूप लाविले.